डावा कान थोडा वाकडा

फोनवर त्यानं नाव सांगितलं,
मी वहीत लिहिलं, 'आत्यकी'.
समोर आल्यावर हसला. सात्यकी, मॅडम.
स खाल्ला मी. अलीकडे खाते.

टिळक रस्ता, दुसरा मजला, खाली सायकलींचं दुकान.
सव्वीस वर्षं मी कानांचे ठसे घेते.
आधी दिवा लावून आत बघायचं,
मग दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा,
मग गुलाबी आणि पांढरा लगदा एकत्र मळून
पिचकारीनं हळूहळू भरायचा.
पाच मिनिटं. बोलू नका. जांभई नको.
त्या पाच मिनिटांत माणूस
विहिरीत उतरल्यासारखा दिसतो.

पूर्वी यायचे ते ऐकू न येणारे.
आता हेही येतात, ज्यांना सगळं ऐकू येतं
आणि तरी पुरत नाही.

त्यानं डबी उघडली. आत दोन निळे खडे,
अंगठीत बसवावेत असे.
दीड लाख. घरी पंधरा हजार सांगितलेत.
खर्जाला एक मोठा पडदा, म्हणाला,
मधल्या पट्टीला चार चिमुकल्या डब्या,
आणि सगळ्यात वर दोन इलेक्ट्रोस्टॅटिक,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
एका कानात तीन तऱ्हेचे कामगार,
आणि त्यांचं भांडण बाहेर येऊ द्यायचं नाही,
सगळी कारागिरी तिथे.

तुम्ही ऐका ना. तुमचं मत हवंय.

ऐकलं.
कुठल्याशा घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण.
आधी खोली आली: बुटकी, सतरंजी घातलेली,
उजवीकडे एक खिडकी उघडी.
मग डग्गा. तो कानात नाही,
जबड्याच्या मुळाशी वाजला,
पिठाच्या पोत्यावर कुणी तळहात टेकावा तसा.
तानपुऱ्याच्या चार तारा चार जागी उभ्या,
जवारीची माशी तिसरीवरून उठून
चौथीवर बसताना जवळजवळ दिसली.
आणि गाणारी बाई, माझ्यापासून हातभर.
सा लावण्याआधी तिनं आवंढा गिळला.
आवंढा!
सख्ख्या बहिणीचासुद्धा
इतक्या जवळून ऐकला नाही कधी.

आता वरचं ऐका, तो म्हणाला.
झांजेची किनार. चांदीचा धूर आहे, मॅडम, धूर.

माझ्याकडे तिथं काही नव्हतं.
चार हजार हर्ट्झच्या पुढे माझा आलेख
पर्वतीच्या पायऱ्यांसारखा उतरतो.
मीच काढलाय, गेल्या दिवाळीत, दार लावून.
खणात आहे. घरी सांगितलेलं नाही.

मी त्याच्या भुवया बघत राहिले.
त्या उचलल्या गेल्या की तिथे झांज असणार.
दोनदा मान डोलावली.
दुसऱ्यांदा तो गोंधळला.
अजून आली नाही ती, म्हणाला.

मंगळवारी खडकीचे गुंजाळ आले होते,
दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं.
मशीन हप्त्यावर. अपेक्षा एकच:
नात सहा म्हणते की दहा, एवढं कळलं तरी बास.
बसवलं. तिनं विचारलं, आजोबा, सहा वाजले?
ते रडले वगैरे नाहीत.
म्हणाले, केवढी कर्कश आहे ही पोरगी.

सात्यकीला म्हटलं, खर्ज उत्तम.
मध्य फार खरा, बाईचा घसा मी तपासून देईन.
वरचं तू सांग. मी ऐकते.
तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं.
मग सांगू लागला, बराच वेळ,
शब्द संपल्यावर बोटांनी,
जणू ताटावर रांगोळीची चिमूट सोडतोय.

ठसे निघाले. उजवा सरळ.
डावा दुसऱ्या वळणावर थोडा वाकडा,
तिथूनच तुझी हवा गळत होती, मी म्हटलं,
म्हणून त्या बाजूचा खर्ज पातळ.
तो चकित. तीन महिने केबल बदलत होता.

चिठ्ठीवर नाव लिहिलं, पहिलं अक्षर गिरवून.
ठसे डब्यात ठेवले, गुंजाळांच्या शेजारी.
तेवढीच जागा होती.